छायाचित्रातील प्रकाशाचा अंक

श्रावणातील सोमवार उजाडला म्हणजे जुन्नर तालुक्यातील ओतूर गावी, मांडवी नदीच्या काठी असलेल्या कपर्दिकेश्वराच्या देवळाकडे यात्रेकरूंची रीघ लागते. शेजारीच तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी असल्यामुळे वारकरी मंडळींचा ओढाही या स्थानाकडे मोठा आहे. या यात्रेचे खरे वैशिष्ट्य म्हणजे गाभाऱ्यात रचल्या जाणाऱ्या कोरड्या तांदळाच्या पिंडी. निसटत्या दाण्यांना आकार देऊन उभारलेली ती रचना पाहावयास लांबलांबचे लोक येतात. परंतु दगडी शिल्पासारखी ती टिकावयाची नसते. एका सोमवारची रचना पुढील सोमवारी पाहावयास मिळेलच असे नाही; ज्याने ती पाहिली त्याच्या डोळ्यांत, आणि कोणी छायाचित्र घेतले असल्यास त्या छायाचित्रात, एवढाच तिचा मुक्काम.

अशा वेळी छायाचित्र घेणाऱ्यापुढे जी अडचण उभी राहते ती भक्तीची नव्हे, प्रकाशाची होय. बाहेर आभाळ भरून आलेले, आत समयांचा मंद उजेड, मागून रांगेचा रेटा. तिकाटणे मांडावयास जागा नाही आणि देवापुढे लखकन दिवा उडविणे प्रशस्त नाही. हातातील डिजिटल कॅमेरा मात्र निर्विकारपणे एक प्रश्न विचारीत असतो : आय.एस.ओ.चा अंक किती ठेवावयाचा? १००, ८०० की ३२००? कित्येकांची समजूत अशी असते की अंक वाढविला म्हणजे प्रकाश वाढतो. दुसरे कित्येक असे मानतात की मोठा अंक म्हणजे चित्राचा नाश. म्हणून प्रसंग कोणताही असो, ते १०० सोडावयास तयार नसतात. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. त्या कशा चुकीच्या, हे हा अंक जन्मास कसा आला याचा इतिहास पाहिल्याने चांगले उमजते.

छायाचित्रणाची कला १८३९ साली पॅरिस येथे जाहीर झाली आणि थोड्याच वर्षांत ती मुंबईस येऊन पोहोचली. १८५४ साली मुंबईत 'बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन झाली. तिच्या कार्यात युरोपियन अधिकाऱ्यांबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनीही भाग घेतला. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर मुंबईत छायाचित्रणाचा स्वतंत्र व्यवसायच थाटला. या पहिल्या पिढीजवळ भिंगे होती, रसायने होती, उत्साह तर पुष्कळच होता; नव्हता तो केवळ अंक. काचेस प्रकाश किती वेळ दाखवावयाचा हे सर्वस्वी अंदाजाने ठरत असे. अनुभवी माणूस आभाळाकडे पाही, समोरच्या वस्तूकडे पाही, मनाशी काही आकडे मोजी आणि भिंगावरील टोपण काढी.

१८५१ साली इंग्लंडात फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने प्रसिद्ध केलेली ओल्या काचेची पद्धत त्या काळी सर्वत्र रूढ झाली. कलोडियनचा थर दिलेली काच रुप्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ती ओली असतानाच चित्र घ्यावयाचे आणि वाळण्यापूर्वीच ते रसायनांनी प्रकट करावयाचे, अशी ती घाईची कृती होती. ही काच प्रकाशाच्या बाबतीत अत्यंत मंद असे. आजच्या मापाने तिचा अंक १ हूनही कमी भरेल. भर उन्हातसुद्धा क्षणार्धात चित्र उमटत नसे. माणसाची तसबीर काढावयाची तर मान हलू नये म्हणून पाठीमागे लोखंडी आधार लावीत. जुन्या तसबिरींतील माणसे गंभीर दिसतात याचे एक कारण हेही होय. इतका वेळ हसू टिकवून धरणे कोणास जमणार?

या मंदपणाची खरी कसोटी लेण्यांत लागली. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यास अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामी नेमले. त्याने वर्षानुवर्षे खपून तैलरंगांत मोठमोठ्या नकला तयार केल्या. त्या लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या असताना डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागली आणि त्यांपैकी बहुतेक सर्व भस्मसात झाल्या. गिलने पुढे छायाचित्रणही हाती घेतले होते आणि त्याची ७४ छायाचित्रे असलेला लेण्यांविषयीचा ग्रंथ जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह १८६४ साली प्रसिद्ध झाला होता. तथापि छायाचित्रांनी भित्तिचित्रांच्या नकलांची उणीव भरून निघण्यासारखी नव्हती. लेण्याच्या आतील अंधार हे एक कारण. आणि ती काच मुख्यत्वे निळ्या-जांभळ्या प्रकाशासच जाणत असल्यामुळे अजिंठ्याचे तांबडे व पिवळे रंग तिच्या लेखी काळोखच होते, हे दुसरे. संवेदनशीलता कमी म्हणजे काय, हे यावरून ध्यानी येईल. चित्र थोडे काळपट येणे एवढ्यापुरताच तो प्रश्न नसून, काय नोंदविता येईल आणि काय कायमचे निसटेल, याचा तो प्रश्न होता.

१८७१ साली डॉ. रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज वैद्याने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. पुढील दहा-पंधरा वर्षांत अशा काचा कारखान्यांत तयार होऊन पेट्यांतून विकल्या जाऊ लागल्या. त्या जुन्या काचांहून पुष्कळच तेज होत्या. टोपण काढून आकडे मोजण्याचे दिवस संपले आणि सेकंदाचे अंश मोजणाऱ्या झडपेची गरज निर्माण झाली. परंतु त्याबरोबरच एक नवा घोटाळाही उद्भवला. पूर्वी छायाचित्रकार आपली काच आपणच तयार करी, त्यामुळे तिचा स्वभाव त्यास ठाऊक असे. आता काच कारखानदाराची, आणि प्रत्येकाचा दावा एकच की आपलीच काच सर्वांत तेज. आता मात्र मापाची निकड भासू लागली.

ते माप शास्त्रीय पायावर उभे करण्याचे श्रेय इंग्लंडातील दोघा औद्योगिक शास्त्रज्ञांकडे जाते. फर्डिनंड हर्टर आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड हे एका रासायनिक कारखान्यात नोकरीस असून छायाचित्रण हा त्यांचा फावल्या वेळचा छंद होता. काचेवर किती प्रकाश पडला असता किती काळेपणा उमटतो याचे पद्धतशीर मापन करून त्यांनी त्याची वक्ररेषा काढली आणि १८९० साली आपला निबंध प्रसिद्ध केला. त्या रेषेवरून काचेची संवेदनशीलता अंकाने सांगता येऊ लागली. १८९४ साली जर्मनीतील पॉट्सडॅम येथील खगोलशास्त्रज्ञ यूलिउस शायनर याने ताऱ्यांच्या छायाचित्रांसाठी काचांची तुलना करावयाची म्हणून आणखी एक मापपद्धती सुरू केली. अंधुक ताऱ्याचा प्रकाश टिपू पाहणाऱ्या ज्योतिषाने या अंकाच्या इतिहासात भर घालावी, हे पुष्कळ अर्थपूर्ण आहे.

तथापि मापे निरनिराळी असल्यामुळे एका देशाचा अंक दुसऱ्या देशात लागू पडेना. हिंदुस्थानात बाहेरून येणाऱ्या मालावरच काम चालत असल्यामुळे येथील कारागिरास अनुभवाचाच आधार घ्यावा लागे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणला, वाटाण्याचे रोप कसे वाढते याचा छोटा चित्रपट करून त्याची परीक्षा घेतली, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे ठेविला. त्या काळच्या मंद फिल्मला भरपूर सूर्यप्रकाशावाचून गत्यंतर नव्हते, म्हणून राजवाड्याचा देखावाही दिवसाच्या उजेडातच उभा करावा लागे. शिवाय तांबड्या रंगास ती फिल्म जवळजवळ आंधळीच होती. कपाळीचे कुंकू पडद्यावर काळे दिसे. या सर्व मर्यादांतून वाट काढणाऱ्या त्या पुरुषास कोणत्या अंकाचे साहाय्य होते? फार थोड्या.

अखेरीस राष्ट्रीय पातळीवर प्रमाणे ठरविली जाऊ लागली. जर्मनीने १९३४ साली आपले 'डिन' हे माप ठरविले आणि अमेरिकेने १९४३ साली 'ए.एस.ए.' हे माप स्वीकारले. दोहोंची मांडणी भिन्न होती. अमेरिकन पद्धतीत संवेदनशीलता दुप्पट झाली की अंक दुप्पट होई : ५०, १००, २००, ४००. जर्मन पद्धतीत दुपटीस तीन अंकांची वाढ धरीत : १८, २१, २४, २७. म्हणजे अमेरिकेचे १०० तेच जर्मनीचे २१. १९४७ साली प्रमाणांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि हिंदुस्थानही तिच्या आरंभीच्या सभासदांत होता. 'आय.एस.ओ.' हे तिचेच नाव. या संघटनेने १९७४ पासून पुढे फिल्मच्या वेगवेगळ्या प्रकारांसाठी ही दोन्ही मापे एकत्र केली. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या 'इंदू' फिल्मपासून परदेशी रोलापर्यंत सर्वांच्या वेष्टनावरील अंक एकाच भाषेत वाचता येण्याचा मार्ग असा मोकळा झाला.

येथे एक मौजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९६० साली अमेरिकेतील प्रमाण सुधारण्यात आले तेव्हा कृष्णधवल फिल्मचे अंक एकाएकी दुप्पट झाले. फिल्म तीच, रसायन तेच. पूर्वी चूक होऊ नये म्हणून हिशेबात जी जास्तीची सावधगिरी धरली होती, ती केवळ कमी करण्यात आली. यावरून असे दिसते की हा अंक म्हणजे निसर्गाने कोरून ठेविलेली संख्या नव्हे. तो मनुष्यांनी आपापसांत केलेला करार आहे. त्याचा उपयोग अमोल खरा, परंतु त्याची पूजा करण्याचे कारण नाही.

फिल्मच्या काळात हा अंक निवडावयाचा तो दुकानात. एकदा १०० अंकाचा ३६ चित्रांचा रोल कॅमेऱ्यात भरला की तो संपेपर्यंत सुटका नसे. ओतूरच्या यात्रेत सकाळी गाभारा, दुपारी कुस्त्यांचा आखाडा आणि सायंकाळी दिवेलागण, या तिन्ही प्रसंगांस एकाच रोलाने सामोरे जावे लागे. ४०० अंकाचा रोल घ्यावा तर त्यातील रुप्याचे दाणे मोठे, त्यामुळे चित्र खरबरीत येई. १०० चा घ्यावा तर आखाड्यातला मल्ल धूसर होई. एका गुणासाठी दुसरा सोडावा लागतो, हा धडा त्या पिढीस खिशास चाट बसून मिळालेला होता.

डिजिटल कॅमेऱ्याने ही अडचण दूर केली. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी प्रकाशाचे विद्युत्भारात रूपांतर करून तो मोजता येईल अशा साधनाची कल्पना मांडली. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन याने फिल्मवाचून चालणारा कॅमेरा तयार केला. पुढे १९९८ साली डिजिटल कॅमेऱ्यांकरिता आय.एस.ओ.चे स्वतंत्र प्रमाण निघाले. जुन्या छायाचित्रकारांचा हिशेब मोडू नये म्हणून अंक तेच ठेविले, आणि नेमका येथेच गैरसमजाचा उगम झाला. कारण अंक जुने असले तरी त्यांच्या मागची क्रिया निराळी होती. फिल्मचा अंक बदलणे म्हणजे जिन्नसच बदलणे. डिजिटल कॅमेऱ्यात मात्र सेन्सर तोच राहतो. अंक बदलला तरी त्याची प्रकाश ग्रहण करण्याची शक्ती वाढत नाही. त्याने जो प्रकाश गोळा केला त्याची विद्युत् खूण किती पटीने वाढवून दाखवावयाची, एवढेच त्या अंकाने ठरते.

रेडिओचे श्रोते ही गोष्ट चटकन समजू शकतील. दूरचे केंद्र क्षीण ऐकू येत असता आवाजाची कळ पिळली म्हणजे वक्त्याचा आवाज वाढतो, पण त्याबरोबर खरखरही वाढते. कळीने केंद्र जवळ येत नाही. याच जुन्नर तालुक्यात खोडदजवळ प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची प्रचंड रेडिओ दुर्बीण उभी आहे. अवकाशातून येणारे संदेश अतिशय दुर्बल. ते वाढविणारी साधने तेथे अर्थातच आहेत. पण केवळ वाढविण्याने भागले असते तर एवढ्या मोठ्या थाळ्या उभारण्याचा खटाटोप कोणी केला असता? मूळ संदेश अधिक गोळा करणे हाच खरा उपाय, म्हणून थाळी मोठी हवी. छायाचित्रात थाळीचे काम भिंगाचे छिद्र करते, आणि संदेश गोळा करण्याचा अवधी झडप ठरविते.

खरखर येते कोठून, तेही पाहण्यासारखे आहे. प्रकाश हा अखंड धारेसारखा नसून कणांच्या रूपाने येतो. पावसाच्या थेंबांप्रमाणे ते कण अनियमितपणे पडतात. सरासरीने १०० कण पडावयाचे तेथे कमीजास्त होण्याचे प्रमाण सुमारे १०, म्हणजे शेकडा १०. सरासरी १०,००० कणांची असेल तर कमीजास्तपणा सुमारे १००, म्हणजे शेकडा १ च. प्रकाश पुरेसा असेल तर हा चढउतार डोळ्यास जाणवत नाही. अपुरा असेल तर तोच चित्रात वाळूसारखा पसरलेला दिसतो. तेव्हा दोष मोठ्या अंकाचा नसून थोड्या प्रकाशाचा आहे. अंक केवळ तो दोष उघडकीस आणतो.

आता पुन्हा ओतूरच्या गाभाऱ्याकडे वळावे. झळझळीत उन्हात १०० अंकास छिद्र १६ व झडप सुमारे १/१०० सेकंद, हा फिल्मच्या काळापासूनचा प्रसिद्ध नियम. अंधुक गाभाऱ्यातील उजेड त्या उन्हाच्या हजाराव्या हिश्श्याइतकाही असू शकतो. तेथे छिद्र २.८ पर्यंत उघडले तरी १०० अंकावर झडप १/४ सेकंद उघडी ठेवावी लागते. तेवढा वेळ हात स्थिर राहणे कठीण, आणि मागच्या माणसाचा धक्का तर ठरलेलाच. अंक पाच वेळा दुप्पट करून ३२०० केला म्हणजे तोच हिशेब सुमारे १/१२५ सेकंदावर येतो. पिंड स्थिर आहे, हालणारा तो केवळ हात. म्हणून ८०० अंक व १/३० सेकंद एवढ्यावरही काम साधण्याजोगे आहे. पण बाहेर ढगाळलेल्या आखाड्यात डाव टाकणाऱ्या मल्लास १/५०० सेकंदाहून अधिक वेळ देऊन चालत नाही. उजेड तेथे गाभाऱ्याहून कितीतरी अधिक असूनही अंक वाढवावा लागतो, तो अंधारामुळे नव्हे, गतीमुळे.

यावरून निवडीचा क्रम आपोआप निघतो. प्रथम छिद्र व झडप यांच्या योगे प्रसंगास परवडेल तेवढा प्रकाश गोळा करावा आणि उरलेली तूट तेवढी अंकाने भरून काढावी. वस्तू निश्चल असून कॅमेरा टेकविण्यास आधार असेल तर अंक लहान ठेवून अवधी वाढवावा. अजिंठ्याच्या ज्या चित्रांपुढे जुनी काच हतबल झाली होती, त्यांची सुंदर रंगीत छायाचित्रे विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बिनॉय बेहल यांनी प्रखर दिव्यांवाचून, मंद प्रकाशातच घेतली. चित्रांस इजा न करता नोंद करण्याचा तो मार्ग होता. उलटपक्षी अंक लहानच ठेवण्याच्या हट्टाने काळवंडलेले चित्र घ्यावयाचे आणि मागाहून ते संगणकावर उजळावयाचे, यात लाभ नाही; खरखर तेथेही येतेच, कित्येकदा अधिकच. मात्र अंक वाढविण्यासही सीमा आहे. अंक जितका मोठा तितकी उजळ भाग सांभाळण्याची शक्ती कमी. समईची ज्योत एकदा पांढरीफटक झाली की तिचा रंग मागाहून कोणत्याही युक्तीने परत येत नाही. कॅमेऱ्यास अंक आपोआप निवडू द्यावयाचा असेल तर निदान त्याची वरची मर्यादा तरी माणसाने ठरवून द्यावी.

शेवटी प्रश्न उरतो तो दोन हानींतील निवडीचा. खरखरीत चित्रात पिंडीची घडण ओळखता येते. हाललेल्या चित्रात तांदळाचा दाणा दाण्यापासून वेगळा दिसत नाही. पहिली हानी पुष्कळ अंशी सुसह्य आहे, दुसरी भरून निघत नाही. मुंबईच्या पहिल्या छायाचित्रकारांना ही निवड करण्याची मुभाच नव्हती. फाळक्यांना ती सूर्याकडे पाहून करावी लागली. रोल वापरणाऱ्यांना ती सकाळीच करून मोकळे व्हावे लागले. आज यात्रेतील कोणत्याही मुलाच्या हातातील कॅमेऱ्यात ती प्रत्येक चित्रागणिक करता येते. शंभर-सव्वाशे वर्षांच्या शास्त्रज्ञांच्या व कारागिरांच्या श्रमाने हे स्वातंत्र्य मिळाले आहे. पुढच्या श्रावणी सोमवारी रांगेत उभे असताना, गाभाऱ्याची पायरी येण्यापूर्वीच, तो अंक विचारपूर्वक लावून ठेवावा. आत गेल्यावर वेळ थोडा असतो, आणि पिंडी तर पुढच्या सोमवारपर्यंत थांबणार नाहीत.